उजवा पाय पुढे

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत एक वेळापत्रक जाहीर होतं. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कुठकुठल्या तारखांना येणार, याचं. आम्ही बोरिवलीकर ते पेपरातून कापून फ्रिजवर लावतो आणि त्यावरून अंधेरीचा सबवे कधी बंद पडणार, शाळा कधी लवकर सुटणार आणि आपलं पोट नेमकं कुठल्या तारखेला बिघडलेलं बरं, याचं नियोजन करतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून उपनगरात समुद्र हा आनंदाचा विषय राहिलेला नाही. जुलैत अक्सा बीचवर जातो म्हणणाऱ्या मुलाला आमच्याकडे आधी आई ओरडते, मग जीवरक्षक.

अशा खानदानातला माझा भाचा मस्कतमध्ये बसून हेच आकडे जिभल्या चाटत वाचतो. ताई आणि भावोजी तिकडे जाऊन वर्षं झाली. मुलगा तिथेच वाढला आणि सर्फिंगला लागला. इतरांची मुलं सिगरेटला लागतात, त्या मानाने बरं, असं ताई म्हणते. पण म्हणताना तिचा चेहरा ‘थोडंच बरं’ असा असतो.

“मामा, दहा सेकंदांचा पीरियड आहे! तू येच!” असा त्याचा फोन आला.

“एवढा छोटा तास कुठल्या शाळेत असतो?” सौ.ने विचारलं.

दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत मोजतात, ते जितकं जास्त तितकी लाट दमदार, हे त्याने समजावलं. वर, ‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असं जे आपले पेपर छापतात ती मुळात लाटांची उंची नसतेच, भरतीच्या पाण्याची असते, असंही सांगितलं. इतकी वर्षं गेटवेच्या डोक्यावरून पाणी जाण्याची वाट पाहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाचा हा विश्वासघात होता. पण भाचा सांगतोय म्हटल्यावर गप्प बसलो आणि तिकिटं काढली.

जुलैत मस्कतला जाऊ नये, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. बरोबरच होतं. विमानतळाबाहेर पडताक्षणी चष्म्यावर वाफ धरली आणि पहिला अर्धा तास मी ओमान देश पाहिलाच नाही. ताईच्या घरात एसी चोवीस तास चालू. बाहेर ४५ अंश. अशा ठिकाणी भाच्याने गाडीच्या डिकीत काय भरावं? गरम चहाचे थर्मास, जाड टॉवेल आणि अंगभर रबराचे सूट.

“पाणी गार असतं,” तो म्हणाला.

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण माझ्या नाही, स्वतःच्या.

निघण्यापूर्वी भाच्याने सगळ्यांकडून वचन घेतलं. जागेचं नाव कुणाला सांगायचं नाही, फोटोत डोंगर येऊ द्यायचा नाही, लोकेशन पाठवायचं नाही. चांगल्या लाटेची जागा सर्फर लोक जावयापासूनही लपवतात म्हणे. त्यामुळे एवढंच लिहितो की मस्कतहून आतल्या रस्त्याने इब्रा, मग जालान बनी बू अली, आणि मग अल अश्खरा हे मासेमारीचं गाव लागतं. त्याच्या अलीकडे की पलीकडे, हे लिहायची मला परवानगी नाही. उजव्या हाताला शर्कियाची वाळू, पूर्वी वहिबा सँड्स म्हणायचे ती. मधूनमधून रस्त्यात उंट. ते हॉर्नला दाद देत नाहीत. या बाबतीत मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

वाटेत चहाला थांबलो. मालक मल्याळी, भाषा हिंदी, चहा करक. पराठ्यात चीज आणि त्यावर ‘चिप्स ओमान’चा चुरा घालून गुंडाळी करतात. हा त्या देशाचा वडापाव आहे आणि आपल्या वडापावाने त्याच्याशी जरा जपून वागावं इतका तो चांगला आहे. चहा शंभर बैशांचा, म्हणजे वीसेक रुपये. मी प्रत्येक गोष्टीचे रुपये करतो, हे भावोजींना आवडत नाही. ते म्हणाले, “अहो, १९७० पर्यंत इथे रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या.” सौ. हळूच म्हणाली, तेव्हाच यायला हवं होतं.

इब्र्याला गाडीतल्या थर्मामीटरने ४४ दाखवले होते. जालान सोडलं तेव्हाही तेच. मग समुद्र दिसायच्या आधी, वाळूवर धुरकट पांढरेपण उतरलेलं असताना, आकडा पडायला लागला. ३९. ३४. ३०. २८. शेअर बाजार सोडला तर इतकी शिस्तबद्ध घसरण मी पाहिलेली नव्हती. काचा खाली केल्या तर वाऱ्याने सौ.ची ओढणी मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आणून ठेवली.

“हाच तो वारा, मामा,” भाचा म्हणाला. “तुमचा मान्सून.”

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येकडून जो जोरकस वारा अरबी समुद्र ओलांडतो, त्याचं वर्णन फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये केलं, म्हणून त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. तो ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे वरचं पाणी वाऱ्याबरोबर सरळ न जाता उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं, आणि त्याची जागा भरून काढायला खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावरची हवा थंड होते, ढग उंच चढत नाहीत आणि पाऊस पडत नाही. तोच वारा पुढे बाष्प पिऊन आपल्याकडे येतो, सह्याद्रीला धडकतो आणि दहिसर नदीला नदी असल्याची आठवण करून देतो. म्हणजे आमच्या बाल्कनीतली चादर ज्याच्यामुळे आठवडाभर वाळत नाही, तो इसम इथे वाळवंटात कोरडा ठणठणीत हुंदडत होता. पाऊस पाहायला ओमानी लोक मस्कतहून हजारेक किलोमीटर गाडी हाकून सलालाला जातात आणि तिथल्या झिमझिमीत सहकुटुंब उभे राहतात. त्यांना जुलैत बोरिवली स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत उभं करायला हवं.

किनाऱ्यावर कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. एक ओमानी कोळीबुवा त्यांच्या पिकअपमध्ये बसले होते आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्या होत्या. बाकी जमीन, पाणी आणि वारा. मला रिकाम्या जागेची सवय नाही. रिकामी जागा दिसली की मी आधी विचारतो, इथे कुणी रुमाल ठेवलाय का.

लाट मात्र पाहण्यासारखी होती. पाण्याखाली खडकाचा सपाट ओटा आहे. खोल पाण्यातून येणारी लाट त्याला अडखळते; तळ मागे पडतो, माथा पुढे धावतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती उलगडत फुटते. वाळूचा तळ सरकत राहतो, खडक जागा सोडत नाही, म्हणून ती दरवेळी त्याच ठिकाणी फुटते. भरती-ओहोटीने पाणी वरखाली होतं तेवढंच, बाकी सगळं जागच्या जागी. भाचा म्हणाला, खडकावर कालवं आहेत, पाय टेकवायचा नाही. काट्यांचे काळे गोळेही आहेत. तुम्ही दोघं बाजूच्या वाळूच्या पट्टीत, पांढऱ्या फेसात. खडकावर मी एकटाच.

इथे मला सूट चढवण्याबद्दल लिहिणं भाग आहे. ह्यू ब्रॅडनर नावाच्या, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० नंतर लवकरच हा वेटसूट शोधला. रबरातले बारीक बुडबुडे ऊब अडवतात, रबर आणि कातडी यांच्यामध्ये अडकलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि तसाच राहतो, असं तत्त्व. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, म्हणून हा खटाटोप. तत्त्व उत्तम आहे. फक्त ब्रॅडनरसाहेबांच्या डोळ्यांसमोर बोरिवलीचं पोट नव्हतं. पायात प्लास्टिकची पिशवी घालून सूट चढवला की तो घसरत वर येतो, ही भाच्याची युक्ती. पिशवी सौ.कडे निघाली; ती कुठेही जाताना घडी घालून चार तरी पिशव्या नेते. सूट मांडीपर्यंत आला आणि थांबला. मग भावोजींनी खांद्याकडून आणि सौ.ने कंबरेकडून ओढला. पाठीवरच्या झिपला लांब दोरी असते. ती ओढायची वेळ आली तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, श्वास सोड.” मी सोडला. झिप बंद झाली. परत घ्यायला जागा उरली नव्हती.

“आता सरळ उभा राहा,” असं म्हणून त्याने मागून मला धक्का दिला. मी उजवा पाय पुढे टाकून सावरलो.

“मामा, तू गूफी!”

म्हणजे काय, तर नकळत धक्का दिल्यावर जो पाय पुढे पडतो तो बोर्डवर पुढे ठेवायचा. डावा पुढे असेल तर तुम्ही रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. आमच्याकडे नवी सून उजव्या पायाने माप ओलांडते, मूल पहिल्या दिवशी शाळेत उजव्या पायाने शिरतं, आणि नव्या गाडीत मी अजून उजवा पाय आधी ठेवतो, मग डोकं आपटतं ते वेगळं. शतकानुशतकं ही अख्खी जमात गूफी आहे आणि आम्हाला कोणी कळवलं नाही.

भावोजींचा एक सिद्धांत होता. मस्कतला यायच्या आधी ते नालासोपाऱ्याहून चर्चगेटला जात. “मी विरार फास्टमध्ये कुठेही न धरता उभा राहायचो. पेपर वाचत. दोन्ही हात पेपरला! तोल म्हणजे काय हे मला शिकवू नका.” हे वाळूवर ऐकताना अगदी पटत होतं. ते बोर्डवर पालथे झाले, भाच्याने मागून लोटलं, फेसाची भिंत आली आणि भावोजी खरोखर उभे राहिले. वाकलेले गुडघे, पुढे नजर. आणि मग उजवा हात आपोआप वर गेला. कडी शोधायला. कडी नव्हती. भावोजी डावीकडे कलले, आणि वर्षानुवर्षं त्या बाजूने त्यांना सावरून धरणारा वसईचा प्रवासी त्या दिवशी आलेला नव्हता.

पाण्यातून बाहेर येऊन ते इतकंच म्हणाले, “गर्दी पाहिजे हो.”

माझी पाळी आली. पाणी झिपच्या फटीतून पाठीच्या कण्यावरून खाली उतरलं आणि मी माझ्या सगळ्या पूर्वजांना नावाने हाक मारली. पाणी बावीस-तेवीस अंशांचं असावं. कॅलिफोर्नियाचा माणूस त्याला गार म्हणणार नाही. पण हवा अठरा अंशांवर आली की आमच्या नॅशनल पार्कात फिरायला येणारे लोक माकडटोप्या काढतात. आम्हाला कॅलिफोर्निया सांगू नये. सर्फिंगमध्ये लाटेवर असण्याचा वेळ अगदी थोडा. बाकी हात मारत जाणं आणि बसून वाट पाहणं. यातलं दुसरं मला उत्तम जमलं. मग फेस आला, भाचा ‘उठ, उठ’ ओरडला आणि मी गुडघ्यांवर आलो. पुढे जायचा प्रस्ताव पायांनी फेटाळला. पण गुडघ्यांवर का होईना, मी वेगाने, सरळ, कुणाचाही धक्का न लागता किनाऱ्याकडे निघालो होतो. हे शेवटचं मला जास्त अपूर्व वाटलं. वाळूला लागलो तेव्हा पिकअपमधल्या बुवांनी दोनदा हॉर्न वाजवला.

भाचा तिकडे खडकावर गेला आणि त्यानंतर मी विनोद केला नाही. पोरगं लाटेच्या हिरव्या भिंतीवर एक हात टेकवून उभं होतं, आणि ताई पाहायला नाही याचं वाईट वाटलं. तिला हे पाहवत नाही म्हणून ती येत नाही.

बुवांनी खजूर आणि कहवा दिला. मोडक्या हिंदीत विचारलं, कुठचे? मुंबई म्हणताच चेहरा खुलला. वडिलांना उपचारांसाठी नेलं होतं म्हणाले. या दोन किनाऱ्यांची ओळख तशी जुनी. १६७४ मध्ये, इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, मस्कतचे अरब गलबतांतून वसईला उतरले आणि पोर्तुगीजांची चर्चं लुटून गेले. वसईला इतक्या सहज उतरलेले ते शेवटचे प्रवासी असावेत. हे मी बुवांना सांगितलं नाही. त्यांनी भाच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, “ये मछली नहीं पकडता?” नाही म्हटलं. “तो अंदर क्यों जाता है?” यावर भावोजींनी खजूर तोंडात टाकला.

सूट काढणं हे सूट घालण्याहून अवघड असतं. त्यात कोणाची लाज राहिली नाही, यापलीकडे मी लिहिणार नाही.

परतताना पेट्रोल पंपावर सौ.चा फोन टिणटिणायला लागला. भाच्याने आरशातून पाहिलं.

“मामी, तू लोकेशन नाही ना पाठवलंस?”

“छे! फक्त सोसायटीच्या ग्रुपवर.”

गाडीत शांतता पसरली. ग्रुपवर बी विंगच्या काकूंनी सर्दी होईल म्हणून हळद-दूध सांगितलं होतं. कुणीतरी दोन किलो खजूर मागवला होता. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी फोटो मोठा करून, हे तर केळवं आहे, असा निर्वाळा दिला होता. भाचा जरा सैलावला. तेवढ्यात सेक्रेटरींचा मेसेज आला. फोटोत एक पिकअप, दोन होड्या आणि क्षितिजापर्यंत मोकळी वाळू होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

“जागा छान आहे. पार्किंगचं काय?”