मालक तोच, नोकर तोच

अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, आणि मागोमाग झेरॉक्सची दुकानं. 'नोकरी मागू नका, धंदा करा' हे ऐकून एखाद्याने शटर उघडलं, की मालक तोच, नोकर तोच, आणि टोनर संपल्यावर पोरांची बोलणी खाणाराही तोच. जेवायला जायचं तर शटर अर्धं ओढून 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी. तोवर गिऱ्हाईक शेजारच्याकडे. सबमिशनच्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. सुट्टी लागली, की दिवसभरात त्याच्याशी बोलतो फक्त काउंटरवरचा पेमेंटचा डबा: "दहा रुपये प्राप्त झाले." तेही कोणी दिले तर.

एकटं वाटतं म्हणावं, तर गाव स्थळं सुचवतं. शेतकऱ्याला निदान मंचरच्या बाजार समितीत पडलेल्या भावावरून चारचौघांत बोंब तरी ठोकता येते. दुकानदाराने मंदी बोलून दाखवली, की कागद पुरवणारा दुसऱ्या दिवशी रोख मागतो. म्हणून धंदा कसा चाललाय असं कोणी विचारलं, की उत्तर ठरलेलं: "एकदम जोरात चाललंय!"

तेव्हा अवसरीकरांनो, झेरॉक्स काढायची नसली तरी दोन मिनिटं टेका तिथे. चहा मात्र तुम्ही पाजा.