थिबाचा बेडूक आणि भावी नगरसेवक

टिळक जयंतीच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतलं कुठलंही वर्तमानपत्र उघडावं. आतल्या पानावर एक फोटो हमखास असतो. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर लोकमान्यांची तसबीर, तसबिरीला झेंडूचा जाडजूड हार आणि हाराच्या वर जेमतेम डोकावणारी पगडी. बाकी सगळं व्यवस्थित दिसतं. साहेब दिसतात, उपसाहेब दिसतात, मागच्या रांगेत टाचा उंचावून उभा राहिलेला लिपिकही दिसतो. खाली 'डावीकडून' म्हणून सगळ्यांची नावं येतात. 23 जुलै 1856 रोजी ज्याचा याच गावात जन्म झाला, तो गृहस्थ तेवढा हाराआड. त्याला नाहीतरी सगळे ओळखतात. मग जागा कशाला अडवायची?

तसबीर म्हणजे माणसाचा चेहरा, हा भाबडा समज निदान या गावात तरी टिकायला नको होता. चित्र माणसाचं काय करू शकतं, याचा भक्कम पुरावा भाट्याच्या खाडीवरच्या टेकाडावर उभा आहे. त्याला थिबा पॅलेस म्हणतात.

ब्रह्मदेशचा राजा थिबा 1878 मध्ये गादीवर आला. पाठोपाठ राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली, हे खरंच. इंग्रजांना त्याचा संताप आला, हेही खरं. पण संतापाने आगबोटीत चढायला 1885 साल उजाडलं. मधल्या काळात फ्रेंचांशी मंडालेचं गूळपीठ जमू लागलं होतं आणि बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला सागवानाच्या व्यवहारात जबर दंड ठोठावला गेला होता. मग लंडनच्या छापखान्यांनी काम हाती घेतलं. थिबा दारुडा, थिबा रक्तपिपासू, थिबा बायकोच्या मुठीत. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने तर त्या ऑक्टोबरात त्याला चक्क बेडूक करून छापलं. नोव्हेंबरात लढाई झाली, ती पंधरवडाभरात आटोपली, आणि 1 जानेवारी 1886 ला राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. राजाचं राज्य घेतलं तर चार लोक हळहळतात. बेडकाचं डबकं घेतलं तर कोण हळहळणार? सागवानाच्या ओंडक्याला चेहरा नसतो, त्यामुळे त्याचं व्यंगचित्र काढायची वेळ आली नाही.

हा बेडूक 1886 च्या एप्रिलात रत्नागिरीत उतरला आणि डिसेंबर 1916 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. पॅलेस त्याला मिळाला तो 1910 च्या सुमारास, म्हणजे चोवीसएक वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर. या मुक्कामात त्याने रक्त सांडल्याचं कुणी सांगत नाही. शाई मात्र पुष्कळ सांडली. तनखा पुरत नाही, देणेकरी दारात आहेत, असे अर्जावर अर्ज. अर्ज करणारा बेडूक 'पंच'च्या कामाचा नव्हता. तो एव्हाना कुणाच्याच कामाचा नव्हता. दरम्यान सरकारने 1908 ते 1914 टिळकांना मंडालेच्या तुरुंगात ठेवून हिशेब चोख केला. मंडालेचा माणूस रत्नागिरीला, रत्नागिरीचा मंडालेला.

आधी चित्र, मग राज्याचा निकाल, हा क्रम इंग्रजांनी घालून दिला. स्वराज्यात तो उलटा झाला. आधी माणूस जायचा, मग वाट पाहायची, मग भिंतीवर खिळा. दिल्लीतल्या जुन्या संसद भवनाचं, म्हणजे आताच्या संविधान सदनाचं मध्यवर्ती सभागृह पाहावं. टिळक 1920 साली गेले. गोपाळ देऊसकरांनी काढलेलं त्यांचं चित्र तिथे लागलं 1956 मध्ये, जन्मशताब्दीला. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, ते डॉ. आंबेडकर 1956 मध्ये गेले. ज्या घटनेवर ते सभागृह चालत होतं तिच्या शिल्पकाराचं चित्र लागायला 1990 उजाडलं. 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर 1966 मध्ये गेले. त्यांचं चित्र 2003 मध्ये लागलं. छत्तीस, चौतीस आणि सदतीस वर्षं. लोकशाहीत प्रतीक्षायादी अशी काटेकोर असावी!

सावरकरांच्या चित्राचं अनावरण 26 फेब्रुवारीला राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते झालं आणि विरोधी पक्षांनी समारंभावर बहिष्कार टाकला. चित्र गांधीजींच्या चित्रासमोर लागलं. दोन्ही बाजूंनी अग्रलेखांवर अग्रलेख पडले. रंग कसे लागलेत, चेहरा साधलाय का, याबद्दल कुणी चकार शब्द काढल्याचं कुणाला आठवत नाही. भांडण भिंतीचं होतं.

आधी माणूस जायचा, मग चित्र, या नियमाला अपवाद घडवला तो मुरूडच्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. हयात असताना स्वतंत्र भारताच्या टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. वर्ष 1958. त्यासाठी त्यांना विधवांच्या शिक्षणात सारं आयुष्य घालवावं लागलं आणि शिवाय शंभर वर्षं जगावं लागलं. एवढी खटपट सध्या कुणी करत नाही. दहा बाय वीसचा फ्लेक्स एका रात्रीत छापून मिळतो.

मारुती मंदिर ते जयस्तंभ नुसतं चालत गेलं तरी हे व्यक्तिचित्रण पुरेसं पाहून होतं. त्याचं शास्त्र ठरलेलं आहे. सगळ्यात वर एक अरुंद पट्टी, तिच्यात छत्रपती शिवराय, फुले, शाहू, आंबेडकर. आकार रुपयाच्या नाण्याएवढा. त्याखाली पक्षश्रेष्ठी, ज्याची सध्या चलती आहे तो किंचित मोठा. मधोमध उत्सवमूर्ती, पायापासून डोक्यापर्यंत, पांढरा कुडता, काळा गॉगल, कुठेतरी तातडीने निघाल्यासारखी चाल. मागे सूर्योदय किंवा वाघ. तळाला 'शुभेच्छुक' मंडळींचे पासपोर्ट फोटो. त्यांचा क्रम चुकला तर पक्ष फुटू शकतो.

छापणाऱ्याच्या दुकानातला संवादही ठरलेला.

"दादांचं पोट जरा आत घे."

"घेतो, पण मग हात लांब दिसतो."

"लांब दिसू दे. कामाचा माणूस आहे."

रंग दोन छटा उजळतो, केस कपाळावर परत येतात आणि नावाआधी 'भावी' लागतं. देऊसकरांना बसवून घ्यावा लागायचा तो माणूस आता मोबाइलवर येतो आणि माउसच्या टोकाने घडतो. मध्यंतरी नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या, तेव्हा ही भावी मंडळी भावीच राहिली. दादांची मिशी पिकली; फ्लेक्सवरची मात्र तश्शीच काळीभोर.

न्यायालयांनी आपल्या परीने चेहरे आवरायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये सांगितलं की सरकारी जाहिरातीत फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचा. राज्यांना हे सोसवेना. फोटोविना योजना जनतेपर्यंत पोचणार तरी कशी? मार्च 2016 मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली. बेकायदा फलकांसाठी मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा 1995 पासून आहे, मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या जानेवारीत त्यावर सविस्तर निकालही दिला. कोर्टाची तारीख जवळ आली की कर्मचारी शिडी घेऊन निघतात आणि आधी ते फलक उतरवतात ज्यांची वाढदिवसाची तारीख उलटून गेली आहे.

उतरलेला फ्लेक्स वाया जात नाही. मृगाच्या आधी तो गावाकडे रवाना होतो आणि लाकडांच्या बेगमीवर, गोठ्याच्या पडवीला, उघड्यावर राहिलेल्या दुचाकीवर ताणून बांधला जातो. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस तो इमानाने अडवतो. जाहीरनाम्यातल्या एखाद्या आश्वासनाची अंमलबजावणी लाभार्थीला घरबसल्या पाहायला मिळते, ती अशी. चेहरा आतल्या बाजूला करायचा की बाहेरच्या, हे ज्याने त्याने ठरवायचं. साधारणपणे ज्याला मत दिलं त्याचा चेहरा गुरांकडे असतो, आणि ज्याला दिलं नाही तो पावसात.