मळीचे दानशूर

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात उसाचा कण वाया जात नाही. रसाची साखर होते, बगॅसवर वीज, मोलॅसिसपासून अल्कोहोल आणि या सगळ्यावर राजकारण. इतकं काढून घेतल्यावर जे उरतं, ते काळ्या आईच्या सेवेला रवाना होतं. रस गाळताना निघणारा काळपट लगदा, म्हणजे मळी, गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के पडते. दिवसाला 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात दीडशे ते दोनशे टन, तीही रोज. एवढी दानत यार्डात ठेवायची कुठं? म्हणून ट्रॉल्या सुटतात.

मळीच्या गुणांची थट्टा नको. सेंद्रिय पदार्थ, स्फुरद, कॅल्शियम, गंधक, सगळं तिच्यात आहे. अती पाण्यानं कृष्णाकाठची जी रानं मीठफुटीला आली, चोपण झाली, तिथं जिप्समच्या जोडीनं कुजलेली मळी घाला, असं शास्त्रज्ञ सांगत आलेत. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्रच आहे. अट एकच, मळी कुजलेली हवी. ताजी ट्रॉली ओतली की ढिगातून वाफ निघते, आत हात घातला तर चटका बसतो, नासक्या अंड्याचा वास सुटतो आणि वर माश्यांचं अधिवेशन भरतं. अशी मळी सरीत गेली की कोंब करपतात. पण कारखान्याला यार्ड रिकामं करायची घाई, शेतकऱ्याला लागणीची. तेव्हा कुजायचं काम मळीनं शेतात गेल्यावर सवडीनं उरकावं, असा उभयपक्षी समझोता आहे.

डिस्टिलरीचं दान पातळ असतं. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी, आंबूस स्पेंट वॉश. नियमानं त्याचा थेंबही बाहेर पडता कामा नये. आटवा, जाळा, नाहीतर मळीत मुरवून कंपोस्ट करा. त्यात पालाश भरपूर आणि पालाशसाठी आपण परदेशाच्या तोंडाकडे बघणारे. म्हणून मोलॅसिसपासूनच्या पालाशला केंद्रानं 2021 मध्ये अनुदानाच्या खतांत बसवलं. कागदावर सगळं चोख. तरी मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेकाठी मेलेल्या माशांचा खच पडला. आता पोहता येत नसताना माशांनी नदीत उतरायचंच कशाला?

ब्राझीलनं असलं पाणी नदीत सोडायला 1978 मध्येच बंदी घातली आणि ते उसाच्या रानात वळवलं. साओ पावलो राज्यात हेक्टरी किती सोडायचं, ते मातीतलं पालाश तपासून ठरतं. मोजमाप आपल्याकडेही आहे. टँकर रात्री किती वाजता सुटला आणि वाटेत किती माणसं जागी होती, एवढं मोजलं की झालं. रान आधीच खारट असेल तर आणखी थोडे क्षार कुणाला कळणार?

इतक्यात मळीचं नशीब फळफळलं. केंद्राची 2018 ची ‘सतत’ योजना आली आणि मळीपासून बायोगॅस करायची टूम निघाली. कालपर्यंत ‘उचला हो एकदाची’ म्हणून गळ्यात मारली जाणारी मळी एकदम इंधन झाली. आता कारखान्याच्या शेती खात्यात विचारायला जावं तर शिल्लक नसते. सेंद्रिय खताची पिशवी मात्र मिळते. तिच्यावर हिरवागार ऊस आणि हसरा शेतकरी छापलेला असतो. हसतो का, ते पावती हातात पडल्यावर कळतं.

रंगराजन समितीनं 2012 मध्ये सुचवलं होतं, की साखरेबरोबर बगॅस, मोलॅसिस आणि मळीचंही उत्पन्न धरा आणि त्यातला 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्या. 2013 मध्ये राज्यानं ऊसदराचा कायदाही केला. आता वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’चा गजर चालू असताना मागच्या रांगेतले एखादे आबा उठतात.

“चेरमनसाहेब, मळी आमच्याच उसाची न्हवं? मग ती सत्तरात धरलीया का तिसात? आन् आमी इकत घ्येतली, ती कशात?”

व्यासपीठावर कुजबुज होते. कार्यकारी संचालक अहवालाची पानं चाळू लागतात.

“आबा, प्रश्न लाखमोलाचा हाय. पण तो लेखी द्यायचा असतोय, सभेच्या आठ दिवस आधी. तेवढा माईक घ्या रे त्यांच्याकडचा. हां, पुढचा विषय, डिस्टिलरीची विस्तारवाढ.”

“मंजूर!”