‘९७-२००३’मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगण्याची रीत आहे. विषय : वर्डमध्ये टाइप केलेला अर्ज ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन जुन्या ‘डॉक’ रूपात ठेवणे. प्रयोजन : तो पलीकडे उघडावा. संबंध : गाव चिंचपाडा, तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. अधिकारी : ‘तुमची फाइल ओपन होत नाही’ असा फोन ज्याला आलेला आहे तो. इतरांनी पान उलटावे.

या रूपाचे संपूर्ण नाव ‘वर्ड ९७-२००३ डॉक्युमेंट’. जन्म आणि निर्वाण अशी दोन्ही साले नावातच वागवणारे दुसरे दैवत आमच्या पाहण्यात नाही. वर्ड २००७ ने ‘डॉक्स’ आणले. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ वरचा हातही काढून घेतला. तरी सेव्हच्या यादीत नाव आहेच. आणि का नसावे? नंदुरबार जिल्हा धुळ्यातून निघाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे वर्ड ९७ जिल्ह्याहून वडीलधारे. वडीलधाऱ्यांना कार्यालयातून उठवायचे कोणी?

आता शरीररचना. डॉक फाइलचे पहिले चार बाइट यंत्राच्या लिपीत ‘डी०सीएफ११ई०’ असे पडतात. पहिल्या शून्याला ‘ओ’ मानले, पहिल्या एकाला ‘आय’ आणि दुसऱ्याला ‘एल’, शेवटचे शून्य सोडून दिले, की ‘डॉकफाइल’ वाचता येते. डॉक्स ही मात्र वस्तुतः झिप फाइल. तिच्या आरंभी ‘पीके’ ही अक्षरे असतात, ती झिपकर्ते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. हे गृहस्थ २००० साली वारले. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीच्या नोटिशीत आजही त्यांची सही निघते, हे सरपंचांना कोणी कळवलेले नसावे.

पूर्वपक्ष म्हणतो : डॉक्स बहुधा आकाराने लहान, शिवाय २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक, डॉक केल्याने स्मार्टआर्टचे नुसते चित्र उरते आणि समीकरणे गोठतात. मान्य. परंतु रेशनकार्डात नाव वाढवण्याच्या अर्जात समीकरण येते कुठे? शिवाय पूर्वपक्ष वाटेचा विचार करत नाही. चिंचपाड्याचा अर्ज आधी पश्चिमेला नवापूरला, म्हणजे तालुक्याला जातो. मग मागे फिरून चिंचपाड्यावरूनच नंदुरबारला. ईमेल झाली म्हणून हा क्रम चुकत नाही. या वाटेवर जो कॉम्प्युटर सर्वांत म्हातारा, तोच फाइलचे रूप ठरवतो. टाइप करणारा केवळ निमित्त. हाच आमचा सिद्धांत.

दृष्टांत याच वाटेवरच्या रेल्वेमार्गावर आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली आणि नवापूर स्टेशन मधोमध सापडले : एकाच बाकाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, घोषणा चार भाषांत. नव्या वर्डमध्ये उघडलेली जुनी फाइल तशीच बसलेली असते. माथ्यावर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ अशी पाटी, आणि कोणी ऊठ म्हणत नाही.

येथवर शास्त्र निर्वेध चालते. पुढे फॉन्ट आडवा येतो. अर्ज कृतिदेवमध्ये टाइप केलेला असला, तर फाइलच्या पोटात मराठी नसतेच; रोमन अक्षरे असतात आणि कृतिदेव त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवतो. पलीकडच्या यंत्रात तो फॉन्ट नसेल तर डॉक विनातक्रार उघडते, आणि ‘मा. तहसीलदार साहेब’ यांच्या जागी इंग्रजी मुळाक्षरांची जत्रा भरते. फाइल उघडणे आणि वाचता येणे यांत भेद आहे, तो कोणत्याही आवृत्तीने मिटवलेला नाही. युनिकोडमध्ये टाइप केले तर ही पीडा टळते. पण टायपिंगवाल्याची बोटे जुन्या कळपाटावर बसलेली, आणि बोटांसाठी ‘सेव्ह अ‍ॅज’ नाही.

उपाय म्हणून काही आचार्य पीडीएफ सुचवतात. त्यावर पलीकडून उत्तर येते : ‘यात दुरुस्ती होत नाही, वर्डमध्ये पाठवा.’ वर्डमध्ये पाठवावे तर : ‘सही-शिक्का कुठे आहे?’ मग प्रिंट काढतात, सही करतात, शिक्का मारतात आणि कागद नवापूरला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती देतात.

त्या कागदाचे रूप डॉक की डॉक्स, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ‘एक्स’ प्रिंटमध्ये येत नाही.