छत्रीची तार निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

उपग्रह इंटरनेटची छत्री बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. छत्री विकत घेणे हा या कार्यातला सर्वांत सोपा भाग आहे. छत्रीवर घरात चर्चा होते, शेजारी येऊन पाहून जातात, फोटो निघतो. तारेचा फोटो कोणी काढत नाही. त्यामुळे तारेची निवड पूर्वापार रीतीनेच होते. माणूस शिडीवर चढतो, वरून ओरडतो, "तार पुरत नाही हो!", आणि धाकट्या मुलाला मोटारसायकलवरून बाजारात पिटाळले जाते. जाताना त्याला एवढेच सांगतात की चांगल्यातली आण.

ही रीत मोडायला सध्याची वेळ बरी आहे. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट कंपनीला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच कंपनीबरोबर इरादापत्र केले आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी नावे बातम्यांत झळकली. आकाशातून इंटरनेट ही तशी नवी गोष्ट नाही. आडगावातली कितीतरी एटीएम वर्षानुवर्षे व्हीसॅटच्या छत्रीवर चालतात. आता ती छत्री घराघरावर यायची आहे. छत्री येईल तेव्हा येईल, तारेचा अभ्यास आजपासून करता येतो. प्रस्तुत मार्गदर्शन कोकणातले घर समोर ठेवून केले आहे, कारण तिथल्या पावसाळ्यातून पार पडलेली तार कुठेही नापास होत नाही.

आधी लांबी. टीव्हीची छत्री एकपत्नीव्रती असते. ३५,७८६ किलोमीटरवरच्या एकाच उपग्रहाकडे ती जन्मभर टक लावून बसते, आणि दोन माडांच्या मधून तेवढी फट दिसली की तिचे भागते. स्टारलिंकचे उपग्रह मात्र साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून धावत असतात. एक काही मिनिटांत नजरेआड होतो, तोवर दुसरा धरावा लागतो. म्हणून या छत्रीला मोकळे आकाश लागते, आणि कोकणात मोकळे आकाश घरापासून लांब असते. घराला लागून माड, माडांमागे आंबा, आंब्यामागे फणस. झावळी हलली की व्हिडिओ कॉलवरचा पुण्याचा मुलगा अर्ध्या वाक्यात थिजतो. शेवटी छत्री जाते पंपघरावर नाहीतर खळ्याच्या टोकाला, आणि कंपनीने सोबत दिलेली १५ मीटरची तार पडवीपाशीच संपते.

मोजताना सरळ रेषेत मोजू नये. तार चिऱ्याच्या भिंतीवर चढते, पागोळीखालून वळते, चौकटीला वळसा घालते. बारा मीटर दिसतात तिथे वीस लागतात. यजमानाने सुतळी धरून सगळी वाट स्वतः चालावी. अंगणात उभे राहून "पंधरा होतील रे" सांगणाऱ्या काकांचा मान राखावा, आकडा घेऊ नये.

आता वीज. मोठ्या छत्रीला ७५ ते १०० वॉट लागतात, आणि तिच्यात वीज व डेटा एकाच केबलमधून जातात. इथे कोणतीही कल्पकता दाखवू नये. कंपनीची केबल लावावी, लांब हवी तर कंपनीचीच लांब घ्यावी. डेटा केबलमधूनच वीज पाठवणाऱ्या, बाजारातल्या पीओईच्या डब्यांवर ८०२.३एटी, ८०२.३बीटी अशी भारदस्त बिरुदे असतात, पण छत्रीची वीज त्या पंथातली नाही. केबल मधोमध कापून जोड देणाऱ्या भाच्याला दुसरे काही काम द्यावे.

लहान छत्रीची, म्हणजे मिनीची, गोष्ट वेगळी. तिला १२ ते ४८ व्होल्ट डीसी चालते, सरासरी २५ ते ४० वॉट लागतात आणि डेटाची केबल वेगळी ओढता येते. म्हणजे एकाऐवजी दोन तारा निवडायच्या, आणि दोन्हींत चुकायची मुभा.

"बारा व्होल्ट" हे शब्द कानावर पडताच प्रत्येक घरातल्या हुशार माणसाची नजर इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे जाते. बॅटरी बाराची, छत्रीही बारावर चालणारी, मग मधे ॲडॅप्टर कशाला? माळ्यावरून दोन कोरची जुनी तार उतरते. मागच्या गणपतीत ती मखराच्या दिव्यांना लावलेली असते आणि तिला अजून झिरमिळ्या चिकटलेल्या असतात. तिच्यातले तांबे पाऊण चौरस मिलिमीटर धरू. अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम. छत्री १५ मीटरवर आहे, पण वीज जाते तशी परतही यावी लागते, म्हणून हिशेब ३० मीटरचा. रोध झाला पाऊण ओहमहून किंचित जास्त. ४० वॉट बारा व्होल्टवर म्हणजे ३.३ अँपिअर. गुणाकार केला की अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि छत्रीच्या दारात साडेनऊ पोचतात. तेवढ्याच वॉटसाठी छत्री मग जास्त अँपिअर ओढते, त्याने आणखी व्होल्ट गळतात, आणि ती बंद पडते. बंद पडली की ओढ थांबते, व्होल्ट पुन्हा बारा होतात, ती उत्साहाने सुरू होते. हे रात्रभर चालते. लाईट गेलेली असल्याने घरात सगळे जागेच असतात, आणि सर्वानुमते निष्कर्ष निघतो की आज उपग्रहाचाच काहीतरी घोळ आहे.

यावर उपाय दोन. एक, जाडी वाढवावी. अडीच एमएमची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची तार घेतली तर त्याच अंतरात गळती पाऊण-एक व्होल्टच्या आत राहते. दुसरा उपाय व्होल्ट वाढवण्याचा. ४८ व्होल्टवर तेच ४० वॉट ०.८३ अँपिअरमध्ये भागतात, आणि मखराच्या त्याच तारेत पाऊण व्होल्टही जात नाही. व्होल्ट चौपट केले की तारेतली नासाडी सोळाव्या हिश्शावर येते. वीज कंपनी गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत ११,००० व्होल्टने वीज आणते ती याच कारणासाठी. बॅटरी बाराचीच असेल तर तिच्याशेजारी व्होल्ट चढवणारा कन्व्हर्टर बसवावा; छत्रीशेजारी बसवला तर वाटेतली गळती जशीच्या तशी राहते आणि कन्व्हर्टर पावसात भिजतो.

दुकानात तार एमएममध्ये मागावी. वयस्क वायरमन "तीन-बावीस" किंवा "सात-वीस" म्हणाले तर आदराने मान डोलवून एमएम विचारावे. डेटा केबलीवर गेजचा आकडा असतो आणि तो उलटा चालतो. आकडा वाढला की तार बारीक. २६ गेज हे २३ गेजपेक्षा वरच्या दर्जाचे समजून जादा पैसे मोजणारे सज्जन अजून आहेत, आणि दुकानदार त्यांना ओळखतो.

डेटा केबलीची खरेदी पुढीलप्रमाणे होते.

"ही आउटडोअर आहे ना?"

"आउटडोअरच की. बघा, दुकानाबाहेरच टांगलीय."

"तांब्याची?"

"प्युअर कॉपर, साहेब. रंग बघा ना."

इथे यजमानाने रंग न बघता खिशातून ब्लेड काढावे. टोकाचे साल सोलावे, आतल्या आठ तारांपैकी एक मोकळी करून चिमटीत धरावी आणि हलकेच खरवडावी. तांबे असेल तर आतही तांबूस दिसते. खरवडल्या जागी चंदेरी चमक आली तर ते तांब्याचा मुलामा चढवलेले ॲल्युमिनियम. या क्षणी दुकानदार सांगतो, "ते टिनिंग आहे, साहेब." कथिलाचा मुलामा बाहेरून असतो आणि आत तांबे निघते, इथे क्रम उलटा आहे. हे सांगावे की सांगू नये हे त्या दुकानात उधारी किती आहे त्यावर ठरवावे. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेते, दोन-चार वेळा वाकवले की तुटते, आणि मुलामा निघालेल्या जागी ओल लागली की कुजते. खाऱ्या वाऱ्यात हे काम आणखी झपाट्याने होते.

कॅट सेव्हन, कॅट एट असे मोठे आकडेही पुढे केले जातील. १०० मीटरपर्यंत कॅट फाइव्ह ई गिगाबिट आरामात नेते. वेग ठरवणारी छत्री आहे, तार नव्हे. उरलेले पैसे सालीवर खर्च करावेत. घरातली राखाडी पीव्हीसीची केबल वैशाखाच्या उन्हात पांढुरकी पडते, मग तडकते, आणि मृगाचे पाणी त्या तड्यांतून आत शिरून केबलीच्या पोटातून थेट राउटरपर्यंत चालत येते. बाहेरची केबल काळ्या पॉलिइथिलिनची हवी. काळा रंग शोभेचा नाही. त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते आणि ऊन तीच अडवते. केबल बांधायचे टायही काळेच घ्यावेत. पांढरे टाय दुसऱ्या उन्हाळ्यात बोट लावताच मोडतात. जमिनीतून न्यायची तर जेली भरलेली घ्यावी. टेलिफोनच्या जुन्या लाइनमनना तिची ओळख आहे. दिवसभर तिचे जोड करणाऱ्याचे हात संध्याकाळी डबा उघडण्याच्या लायकीचे राहत नसत.

उघड्यावर जोड देऊ नये. तरीही लोक देतात, आणि त्यावर दुधाची पिशवी बांधतात. या पिशवीचे जवळून निरीक्षण करण्यासारखे आहे. वरचे तोंड सुतळीने आवळलेले, आतला इन्सुलेशन टेप उन्हाने पाघळून काळा गोंद झालेला, तळाशी बोटभर पाणी, पाण्यात दोन मुंगळे, आणि तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. पिशवीने पाऊस अडवला हे खरे. केबलीवरून ओघळत आलेले पाणी मात्र साठवूनही ठेवले.

केबल घरात घेताना भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, आणि भोकात शिरण्याआधी केबलीला खाली एक झोल द्यावा. केबलीवरून येणारे पाणी झोलाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जाते. आठ इंच केबल वाचवण्यासाठी झोल न देणाऱ्यांच्या घरी ते पाणी राउटरखालच्या टीपॉयवर गळते. २३० व्होल्टच्या लाइनीपासून डेटा केबल वीतभर दूर ठेवावी, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी.

प्राण्यांचा विचार शेवटी करतात, तो आधी करावा. अधांतरी लोंबणारी केबल वानरांसाठी आहे असा वानरांचा समज असतो. उंदीर आणि घुशींना काळी साल व राखाडी साल यांत भेद दिसत नाही. म्हणून भिंतीला लागून, सॅडल ठोकून, पाईपात घालून न्यावी, आणि पाईपाची तोंडे बुजवावीत. न बुजवलेल्या पाईपात पहिल्या पावसात कोण राहायला येते ते इथे लिहीत नाही. वाचकांत भित्री माणसेही असतील.

विजेबाबत, म्हणजे आकाशातल्या, विनोद करण्यासारखे फार नाही. पंपघरावरून घरात येणारी तांब्याची लांब तार ही तिची हक्काची वाट आहे. झाडावर पडलेली वीजही शेजारच्या तारेत झटका उत्पन्न करते. शील्ड असलेली केबल घेतली तर तिचे शील्ड नीट अर्थ करावे, तार घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर बसवावा आणि त्यालाही चांगले अर्थिंग द्यावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधीच दोन्ही टोकांचे प्लग काढून ठेवावेत. अंतर फारच असेल तर डेटासाठी फायबर ओढावे. काच वीज नेत नाही. मात्र छत्रीला वीज पुरवायला तांबे लागतेच, तेव्हा फायबर ओढून निर्धास्त झालेल्याने दुसऱ्या तारेकडे एकदा बघून घ्यावे.

हे सगळे वाचण्याआधीच ब्लेड न नेता घेतलेली केबल घरात पडून असेल तर ती फेकू नये. कपडे वाळत घालायला ती बरी पडते. फक्त तिच्यावर ओली सोलापुरी चादर टाकू नये. आत ॲल्युमिनियम आहे.