गोऱ्हा आउट ऑफ स्टॉक

वसुबारसेला आमच्या सोसायटीत टेम्पोतून गाय आली. नुसती गाय चालत नाही, पूजा सवत्स धेनूची, म्हणून सोबत कालवड. पार्किंगमध्ये बायकांची रांग, ताटांत बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. एका काकूंनी घास वासराच्या तोंडाशी नेला आणि थबकल्या. वासराच्या तोंडाला दोरीची मुसकी होती. "वाटेत आईला पितंय," गाईवाला म्हणाला, "मग सांजच्याला धार निघत नाय." काकूंनी घास गाईला दिला आणि वासराला, मुसकी चुकवून, कुंकू लावलं.

मी विचारलं, गोऱ्हा का नाही आणला? तो हसला. "गोऱ्हं कोण सांभाळतंय साहेब?"

हिशेब त्याला तोंडपाठ होता. संकरित वासराला दिवसाला तीनेक लिटर दूध. तीन महिन्यांचं झालं 270 लिटर. तीस रुपयांनी धरा, 8100 रुपये. एवढं पाजून हाती काय? होल्स्टिनच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नाही, जू टिकत नाही. आणि टिकून करायचं काय, नांगरायला ट्रॅक्टर आहे. विकावा म्हटलं तर गाईपाठोपाठ बैल आणि वळू कापायलाही 2015 पासून राज्यात बंदी. मारता येत नाही, पोसवत नाही. मग गोऱ्हा 'जातो'. गोठ्यातलं हे फार सोयीचं क्रियापद. अर्धपोटी राहतो, हगवण लागते, जातो. चिवट निघाला तर एखाद्या रात्री हायवेच्या कडेला सोडला जातो. 2019 च्या पशुगणनेत देशात 50 लाख मोकाट गुरं भरली, ती काही आभाळातून पडली नव्हती.

यावर शास्त्रानं तोडगा काढलाय. लिंगनिश्चित वीर्याची कांडी भरली की शंभरातल्या नव्वदेक वेळा कालवडच होते. वर सरकारी अनुदान! घरात मुलगी नको म्हणून सोनोग्राफीवाल्याच्या कानाशी लागणारा समाज गोठ्यात मुलगीच व्हावी म्हणून पैसे मोजतो. पोरगी झाली म्हणून पेढे वाटणारं घर बघायचं असेल तर गोठ्यात जा.

शेतकऱ्याला झोडपण्याचा मात्र मला काडीचा अधिकार नाही. 2024 मध्ये दुधाचा भाव इतका पडला की सरकारला लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्यासाठी गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा होता. गोऱ्ह्याच्या बिल्ल्याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

मी स्वतः काचेच्या बाटलीतलं ए-टू दूध घेतो. ऑगस्ट 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ए-वन, ए-टू ही लेबलं काढा म्हणून फर्मावलं आणि आठवड्याच्या आत फर्मान मागे घेतलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. बाटलीवर हिरवं कुरण आहे, हसरी गाय आहे, 'प्रेमाने सांभाळलेली' असंही लिहिलंय. प्रेमाचे मी लिटरमागं दुप्पट मोजतो. वसुबारसेच्या दुपारी धीर करून बाटलीवाल्यांना फोन लावला. "तुमच्या गोठ्यात गोऱ्हे किती आहेत हो?"

पलीकडे कीबोर्डची टकटक. "सर, गोऱ्हे... ते प्रॉडक्ट सध्या आउट ऑफ स्टॉक दाखवतंय. पनीर पाठवू?"

त्या दिवशी व्रत म्हणून बायकोनं दूध-तूप वर्ज्य केलं होतं. वर्षातला एक दिवस का होईना, गाईचं दूध वासराला. मीही चहा कोरा प्यायलो आणि दिवसभर उगाचच पुण्यवान वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. बाटलीसोबत दिवाळीची भेट आली होती, जुन्या ग्राहकांना खास : ताज्या चिकाचा खरवस. चौघांत वाटून खाल्ला. जायफळ जरा जास्त झालं होतं.