मित्राचं पिस्तूल, कायद्याची वरात

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतून एका वरबापाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी विनंती पत्राच्या वर, खाली आणि पाकिटावरही आहे. मजकूर असा: मुलाचं लग्न ठरलं, हॉल ठरला, बँड ठरला, घोडी ठरली. व्याही मुरैन्याचे. त्यांच्याकडची निम्मी मंडळी स्वागताला खांद्यावर दुनळी अडकवून उभी राहणार. आमचं घराणं चार पिढ्या कारकुनी केलेलं. घरातलं सगळ्यांत धारदार हत्यार म्हणजे विळी. मात्र आमचे मित्र वकीलसाहेब यांच्याकडे दोन पिस्तुलं आहेत, दोन्ही लायसन्सची. ती दोन दिवसांसाठी मागून आणावीत, गाडीच्या डिकीत घालून मुरैन्याला न्यावीत, एक माझ्या कमरेला, एक मुलाच्या मामांच्या कमरेला लावावं, वरातीत आकाशाकडे दोन बार काढावेत आणि सोमवारी पुसून परत करावीत, असा बेत आहे. यात काही बेकायदेशीर आहे का?

वरबापसाहेब, यात बेकायदेशीर नाही असं काही आहे का, हे शोधण्यात आमचे दोन चहा संपले. सोमवारी पुसून परत करणं, एवढंच सापडलं. तेही पुसल्यामुळे पुरावा नष्ट केला असं कुणी म्हणालं नाही तर.

लग्नघरात मागून आणायच्या वस्तूंची यादी मोठी असते: शेजारची गाडी, मावशीचा चांदीचा तांब्या, कुणाची तरी शेरवानी. पिस्तूल या यादीत बसत नाही, कारण शेरवानी दुसऱ्याची निघाली तर फक्त बाह्या आखूड होतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानं तर तुमच्यासारख्यांचा विचार आधीच करून ठेवला आहे. हत्याराचं हस्तांतर म्हणजे नुसती विक्री नव्हे. भाड्यानं देणं, उसनं देणं, असंच देऊन टाकणं, ताबा सोडणं, हे सगळं त्यात आलं, असं त्या कायद्याच्या पहिल्या पानांतच लिहिलेलं आहे. मैत्रीखात्यात दिलं, हा बचाव कायदा लिहिणाऱ्यांना तेव्हाच ऐकू आला असावा.

परवानाधारकाला आपलं हत्यार दुसऱ्याला देता येतच नाही असं नाही. येतं. घेणाऱ्याकडे परवाना हवा. मग जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं. इकडे गुरुजींनी मुहूर्त तीन आठवड्यांवरचा काढला आहे. शिवाय तुमच्याकडे परवानाच नाही, तेव्हा पंचेचाळीस वर्षं थांबलात तरी नातवाच्या वरातीतही हात रिकामाच राहील.

आता भाव सांगतो. परवाना नसताना पिस्तूल बाळगलं तर किमान दोन वर्षं कैद, जास्तीत जास्त पाच, वर दंड. २०१९ च्या दुरुस्तीनं हा दर वाढवला. ही झाली तुमची आणि मामांची सोय. वकीलसाहेबांचं काय? उसनं देणं म्हणजे बेकायदा हस्तांतर, असं धरलं तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण त्याच कायद्यात एकोणतिसावं कलमही आहे. समोरच्याला हत्यार ठेवायचा हक्क आहे की नाही, याची खातरजमा न करता ते त्याच्या हाती दिलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जन्मठेप आणि पाचशे रुपये यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिच्यातच वकीलसाहेबांचं दुमजली घर उभं आहे. तेव्हा ते पिस्तूल देतीलही, पण आपल्या सुटकेचा अर्ज आधी टाइप करून.

कायदा अगदीच अरसिक आहे असं मात्र समजू नका. तिसऱ्या कलमात एक फट ठेवलेली आहे. परवानाधारक स्वतः हजर असेल किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर परवाना नसलेला माणूसही त्याचं हत्यार वाहून नेऊ शकतो. कशासाठी? दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी. म्हणजे वरबापसाहेब, मित्राचं पिस्तूल मुरैन्याला न्यायला तुम्हाला मुभा आहे, पण वकीलसाहेबांचे हमाल म्हणून. ते पुढे फेटा बांधून चालतील, तुम्ही मागून ओझं घेऊन. व्याह्यांनी विचारलं, यातले वरबाप कोण, तर कायद्याच्या दृष्टीनं उत्तर अवघड आहे.

बरं, वकीलसाहेबांनी स्वतःच पिस्तूल कमरेला लावून यायचं ठरवलं तरी परवान्यावर हद्द लिहिलेली असते. ती ग्वाल्हेर जिल्ह्यापुरती असेल तर मुरैन्याच्या वेशीवर त्यांचं पिस्तूल परदेशी झालं. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं ते म्यानात, झाकून. मिरवायचं नाही, परजायचं नाही. झाकलेल्या पिस्तुलानं व्याह्यांवर छाप कशी पाडायची, याबद्दल नियमांत काही मार्गदर्शन नाही. आणि आकाशातले ते दोन बार? लग्नातल्या आनंदाच्या गोळीबारासाठी २०१९ पासून स्वतंत्र तरतूद आहे: कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येते, हे न्यूटननं सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे ते संसदेला पुन्हा सांगावं लागलं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की इथली परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. लोकशाहीचे काही आठवडे पिस्तुलाविना निभतात. लग्नाची एक संध्याकाळ निभत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग मीच लायसन्स काढतो. काढा. पण हा ग्वाल्हेर-चंबळचा मुलूख आहे, इथे परवान्याची वाट सरळ नसते. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत प्रशासनानं योजना काढली होती: नसबंदी करून घ्या, बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य मिळवा. मर्दानगीचा हिशेब जुळवून देणारी इतकी चोख योजना दुसरी झाली नसेल. ग्वाल्हेरला २०१९ च्या जूनमध्ये हुकूम निघाला, अर्जदारानं आधी दहा झाडं लावावीत आणि त्यांच्यासोबत सेल्फी जोडावी. त्याच वर्षी डिसेंबरात थंडी वाढली, तेव्हा गोशाळेला दहा घोंगड्या देण्याची अट आली. भिजत पडलेलं घोंगडं वाळवायला दहा कोरड्या घोंगड्या, हा उपाय आमच्या आजीलाही सुचला नसता. झाडं लावणारा, गाईंना पांघरूण घालणारा, कुटुंब आटोपशीर ठेवणारा असा सत्पुरुष तयार झाला की त्याच्या हाती पिस्तूल द्यायचं. एवढी पुण्याई असलेल्या माणसाला ते कशाला हवं, हा रकाना मात्र कुणी भरून घेतल्याचं ऐकिवात नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र आम्हाला हसून सोडता येत नाही. तुम्ही लिहिता, आमच्या मोहल्ल्यात असं मागून नेणं चालतंच. साहेब, तुमच्या मोहल्ल्यातून मागून नेलेलं एक पिस्तूल सगळ्या जगाला माहीत आहे. दर जानेवारीअखेरीस ग्वाल्हेरची हिंदी वर्तमानपत्रं शिंदे की छावनीचं नाव छापतात, ते बटाटावड्यासाठी नव्हे.

२७ जानेवारी १९४८ च्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला उतरले आणि डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी गेले. जवळचं हत्यार भरवशाचं नव्हतं, चांगलं हवं होतं. त्या वेळच्या हकिगतीत असं येतं, की डॉक्टरांनी स्वतःचं पिस्तूल द्यायला नकार दिला. इथे जरा थांबा वरबापसाहेब. उसनवारीचा पहिला नियम हाच: आपलं कुणी देत नाही, दुसऱ्याचं मिळवून देतो. गंगाधर दंडवते मध्ये पडले, जगदीशप्रसाद गोयल यांच्याकडचं इटालियन बेरेटा आलं. किंमत पाचशे रुपये, असं सांगतात. आज एकोणतिसाव्या कलमातला दंडही तेवढाच आहे, महागाई फक्त डाळीला लागते. क्रमांक ६०६८२४. ते अ‍ॅबिसिनियाच्या युद्धात एका इटालियन अधिकाऱ्याकडून ग्वाल्हेरच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याकडे आलं, असं मानतात. तिथून ते गोयलांपर्यंत कसं पोहोचलं, याचा माग पोलिसांना कधी लागला नाही. २८ तारखेच्या रात्री ते दिल्लीच्या गाडीत बसलं. ३० तारखेला संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी काय झालं, ते सांगायला नको.

लाल किल्ल्यातल्या खटल्यात खुनाच्या आरोपाशेजारी हत्यारांच्या कायद्याचीही कलमं होती. पिस्तूल विनापरवाना बाळगणं, आणणं, नेणं. फाशीच्या शिक्षेपुढे ती कुणाच्या लक्षात राहतात? तो कायदा १८७८ चा, लिटनसाहेबाचा, हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेणारा. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचं पत्रक काढताना याच कायद्यावर सगळ्यांत कडक शब्दांत तुटून पडलेला माणूस कोण होता? मोहनदास करमचंद गांधी. दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा हे तिघे ग्वाल्हेरकर खटल्यात फरारीच राहिले. परचुऱ्यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. कबुलीजबाब त्यांनी मागे घेतला होता, आणि १९४९ मध्ये पंजाब उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. साखळीतला प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखत होता. पिस्तुलाची ओळख मात्र कुणीच विचारली नाही.

जानेवारी २०२१ मध्ये ग्वाल्हेरच्या दौलतगंजात हिंदू महासभेनं गोडसेच्या नावानं ‘ज्ञानशाळा’ उघडली. दोन दिवसांत प्रशासनानं ती बंद केली. अभ्यासक्रम काय होता ते कळायला वाव मिळाला नाही. आमची सूचना एकच होती: पहिल्या तासाला शस्त्र अधिनियम, कलम तीन. उपयोगाचा विषय तेवढाच निघाला असता.

त्यापेक्षा तुमच्या व्याह्यांच्या जिल्ह्याकडे बघा. एप्रिल १९७२ मध्ये मुरैन्याजवळच्या जौऱ्याला चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर, गांधींच्या तसबिरीपुढे हत्यारं ठेवली. १९८३ मध्ये शेजारच्या भिंडला फूलनदेवीनंही गांधी आणि दुर्गा यांच्या चित्रांपुढेच बंदूक खाली ठेवली. या मंडळींकडे परवाना नव्हता, पण हातातलं हत्यार कुणाचं, हे विचारल्यावर त्यांनी मित्राचं नाव सांगितलं नाही.

आपल्यासारख्या सभ्य लोकांचं नेमकं इथेच अडतं. ओळख असली की आपल्याला कागद अपमानास्पद वाटतो. वकीलसाहेबांना पावती कशी मागायची? मामांना नाही कसं म्हणायचं? आणि कायदा म्हणतो, ओळख हा पुरावा नाही. हत्यार ज्याच्या नावावर, हात त्याचाच. तेवढ्यासाठी आपण त्याला आडमुठा ठरवतो.

तेव्हा वरबापसाहेब, सल्ला असा. वकीलसाहेबांना वरातीचं आग्रहाचं आमंत्रण द्या आणि दोन्ही पिस्तुलं घरी कुलपात ठेवून यायला सांगा. बार काढायची हौस बँडवाल्याच्या ढोलावर भागवा, त्याला अजून परवाना लागत नाही. व्याह्यांनी मोकळ्या कमरेकडे पाहून भुवई उंचावली, तर सांगा, आमच्या छावणीतून गेलेलं एकच पिस्तूल पुरेसं झालं. आणि पंक्तीत नाकं मुरडली गेलीच, तर पिस्तुलाच्या काडतुसांचे वाचलेले पैसे घेऊन दहा घोंगड्या गोशाळेत टाकून या. परवाना मिळणार नाही. गाईंना तो मागायचाही नाही.